बत्ताशाचा कोपरा

"उजा! परत केलंय बघ!"

धैर्यशील पॅसेजमध्ये एका पायावर उभा होता. दुसऱ्या पायातला ओला मोजा त्याने चिमटीत धरून काढला आणि माझ्यासमोर नाचवला. सकाळचे पावणेसात वाजलेले. त्याची शिरोलीच्या कंपनीची बस सात वीसला, माझी शाळा साडेसातला, गॅसवर दूध वर यायला लागलेलं, आणि हा मोजा नाचवतोय.

"दुसरा घाल की," मी म्हणाले.

"दुसरा घालतो. पण चौथ्यांदा झालं हे, पंधरा दिवसांत."

दादा फिरायला निघायच्या बेतात होते. माझे वडील. डोक्यावर टोपी, हातात काठी. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, मोरीतून फडकं आणलं आणि गुडघ्यांवर बसले.

"जावईबापू, तुम्ही सरका. मी बघतो. ह्या बेट्याला आता सोडत नाही मी."

"मामा, तुम्ही कशाला? उठा बघू. उजा, तू पूस गं."

मी दूध उतरवलं, दादांच्या हातून फडकं घेतलं. घेतलं म्हणजे ओढलंच, कारण ते सोडत नव्हते. धैर्यशील स्वयंपाकघरात माझ्यामागे आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "रविवारपर्यंत बघतो. नाहीतर बुगड्याला फोन करतो. कागल रोडला त्याची नर्सरी हाय, मोठा पिंजरा हाय, दहा-बारा ससे हायत. तिथं मजेत राहील."

आणि तो 'बेटा' हॉलमध्ये दिवाणाखाली बसून कान धूत होता. त्याचं नाव बत्तासा. पांढरा, गोल, नाकाचा शेंडा सतत हलता. हे नाव माझ्या आईने ठेवलेलं.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आई मार्गशीर्षात गेली. माघात मी तासगावला जाऊन दादांना कोल्हापूरला घेऊन आले. मी एकुलती एक, दुसरं कोण करणार? पण दादांना ते पटवायला मला तीन खेपा माराव्या लागल्या. लेकीच्या घरी राहायचं, जावयाच्या ताटात जेवायचं, हे त्यांच्या पिढीला खाली मान घालायला लावणारं. माझ्या लग्नानंतर सुरुवातीची कितीतरी वर्षं ते यायचे ते उंबऱ्याशी टेकल्यासारखे बसायचे आणि परतीच्या एसटीने जायचे. शेवटी आले ते "चार दिवस" म्हणून आले. बरोबर एक पत्र्याची ट्रंक आणि भोकं पाडलेलं एक खोकं. खोक्यात बत्तासा. आईने शेवटच्या वर्षात त्याला मांडीवर घेऊन घेऊन इतकं लाडावलं होतं, की तो माणसाच्या मांडीशिवाय झोपेना.

दादा एकतीस वर्षं नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होते. भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस दिसला की सायकलवरून शिट्टी वाजवायचे. माणूस दचकून वळायचा आणि मग त्याची जी तारांबळ व्हायची, ती आम्हाला जेवताना साभिनय बघायला मिळायची. आई म्हणायची, "अहो, जेवताना तरी नको." तर असा माणूस, आणि त्याचाच ससा लेकीच्या घरात घाण करतो. त्यांना ते किती लागलं असेल याचा मला अंदाज होता. निदान मला तसं वाटत होतं.

त्याच दिवशी, सोमवारी, मी शाळेतून आले तेव्हा मोहीम सुरू झालेली होती. एक नवं घमेलं आलेलं. सुताराकडून पोतंभर लाकडाचा भुसा आलेला. पॅसेजमध्ये बरोबर त्या जागेवर घमेलं मांडून दादा खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले होते.

"दर अर्ध्या तासाला बसवतो त्याला ह्यात," ते म्हणाले. "शिस्त लागली पाहिजे. माणसाला लागते, सशाला का लागणार नाही?"

"केलं का मग त्यानं?"

"एकदा केलं. लगेच घमेलं धुतलं, फिनेल टाकलं, उन्हात वाळवलं, नवा भुसा घातला. चकचकीत!"

ससा त्या चकचकीत घमेल्यात बसायचा, नाक हलवायचा आणि टुणकन बाहेर पडायचा. मग दादा त्याला उचलून पुन्हा आत. पुन्हा बाहेर. लेंड्या मात्र वाटेल तिथे. त्या केरसुणीने गोळा करता येतात, त्याचं काही नाही. पण पॅसेजमध्ये ओलं व्हायचं ते होतच राहिलं. मंगळवारी झालं. बुधवारी झालं.

त्या आठवड्यात माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी पहिलीच्या वर्गाची बाई. पन्नास पोरांपुढे उभी राहून मी बाराखडी म्हणायचे आणि डोक्यात पॅसेज. मधल्या सुट्टीत घरी फोन लावायचे. "केलं का?" "नाही अजून." पाच मिनिटांनी पुन्हा लावावासा वाटायचा. स्टाफरूममध्ये माने बाई म्हणाल्या, "अहो उज्ज्वलाताई, घरात कुणी आजारी आहे का?" मी म्हणाले, "ससा." त्या हसल्या. मला हसू आलं नाही. ससा गेला तर दादांपाशी आईचं काय उरणार होतं? आणि ससा गेल्यावर दादा तरी किती दिवस टिकणार होते आमच्याकडे? तासगावचं घर रिकामं होतं, किल्ली त्यांच्या खिशात होती. "चार दिवस झाले की गं," असं ते महिन्यातून दोनदा म्हणायचेच.

बुधवारी घरी आले तर दादा पॅसेजमध्ये ओणवे होऊन फरशी घासत होते. कपाळावर घाम.

"आत्ताच केलं बघ. मी पेपर आणायला खाली गेलो आणि तेवढ्यात. पळाला लबाड."

मी वाकून दिवाणाखाली पाहिलं. लबाड पाय ताणून गाढ झोपला होता.

संध्याकाळी चहाच्या वेळी दादाच म्हणाले, "जावईबापू, बुगड्यांना सांगून टाका. देऊन टाकू."

मी कप खाली ठेवला. "दादा, आईचा ससा आहे तो."

"आई गेली. ससा ठेवून काय करायचंय?" हे बोलताना त्यांची बोटं बत्ताशाच्या मानेवरच्या केसांतून फिरत होती. "सुधारत नाही तो. मी सगळं करून बघितलं. उगाच लोकांच्या घरात घाण."

'लोकांच्या घरात.' मला इतका राग आला की मी उठून गॅलरीत गेले आणि वाळलेले कपडे उगाच झटकून झटकून घड्या घातल्या.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी वाकडी वाट करून जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर मुजावर मॅडम तिशीतल्या होत्या. कुत्र्याला इंजेक्शन देता देता त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"घमेलं रोज धुता?"

"दिवसातनं चारदा. फिनेलनं."

"झालं मग!" त्या हसायला लागल्या. "ताई, आपल्या लोकांचं हेच चुकतं. आपण घासून पुसून लख्ख करतो. त्याला त्याचा वास यायला पाहिजे तिथं, तर तो म्हणणार ना की ही माझी जागा. थोडा ओला कागद तसाच ठेवायचा घमेल्यात. वर लसूणघासाची पेंडी टाकायची. ससा खात खात करतो. आणि जागा तुम्ही नाही निवडायची. तो कोपरा निवडतो, तिथं घमेलं न्यायचं."

"कोपरा नाहीये तो. पॅसेजच्या मधोमध करतो. संडासाच्या दाराच्या अलीकडे."

"मधोमध?" त्यांनी हात पुसले. "डाग पांढरा पडतो का?"

"पांढरा?"

"सशाची लघवी घट्ट असते. वाळली की पांढरी खपली राहते. खडूसारखी. फरशीवर रांगोळी सांडल्यासारखी दिसते. पुसून पण लवकर जात नाही."

मी म्हणाले, डाग कसलाच राहत नाही. पाण्यासारखं असतं. पुसलं की गेलं.

त्यांनी कुत्र्याला टेबलावरून उतरवलं. कुत्र्याच्या मालकाला बाहेर पाठवलं. मग सशाबद्दल काहीच न बोलता विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. रिक्षा केली एवढं आठवतं. घरी आले, चपला तशाच दाराशी उडवल्या. दादा आतल्या खोलीत पडले होते. मी हॉलच्या कोपऱ्यात देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकले.

आमचा देव्हारा बुटक्या चौरंगावर होता आणि त्याच्यापुढे मी रोज सकाळी घाईघाईत चार ठिपक्यांची रांगोळी काढत असे. ती रोज फिसकटलेली असायची. चौरंगाच्या मागच्या पायापाशी तर पांढरं कायमचंच. मला वाटायचं, माझाच हात धसमुसळा, नाहीतर धैर्यशीलच्या टॉवेलचं टोक लागतं. मी ते पुसायचे, पुसून झालं की त्याच हाताने देवाला नमस्कार करायचे. आता मी त्या पांढऱ्यावर नख ओढलं. खपली निघाली. नाकाशी नेली आणि लगेच हात लांब केला. तीन महिने मी देवापुढे सशाची शू पुसून हात जोडत होते!

एरवी मी पोट धरून हसले असते. धैर्यशीलला कंपनीत फोन करून सांगितलं असतं. पण मी तशीच उठून पॅसेजमध्ये गेले. फरशी स्वच्छ होती. एक पांढरा कण नाही.

बत्ताशाने पहिल्या दिवसापासून आपला कोपरा धरला होता. तो कधी चुकलाच नव्हता.

मग मी स्वतःशी वाद घालायला लागले. दादा फिनेल मारतात म्हणून डाग राहत नसेल. ससा दोन ठिकाणी करत असेल. डॉक्टर बाई अजून तरुण आहेत, त्यांना काय कळतं! संध्याकाळभर या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. दादा फिरायला गेले, धैर्यशील आंघोळीला गेला, तेव्हा मी बत्ताशाला झाकणाच्या टोपलीत घातलं आणि कुणाला न सांगता शाळेत घेऊन गेले. निमित्त होतं. 'स' सशाचा शिकवायचा होता. पोरं हरखून गेली, डब्यातली गाजरं त्याच्यापुढे ढीग झाली. पण 'स' हे निमित्तच. मी माझ्या बापाची परीक्षा घ्यायला निघाले होते.

साडेबाराला मी जिना चढले. दार उघडंच होतं. दादा दारात उभे. धोतर बदललेलं, सकाळचं नव्हे. पॅसेजमधून फिनेलचा वास.

"आज पुन्हा केलं गं त्यानं," ते म्हणाले. "जावईबापू गेल्यावर. बरं झालं, त्यांच्या पायाखाली आलं नाही."

माझ्या हातात टोपली. टोपलीत बत्तासा. तो आत वळला आणि टोपली माझ्या बोटांत हलली.

"कुठं गेला तो मग?" मी विचारलं.

"असेल दिवाणाखाली. लाजला असेल." दादा मोठ्यानं हसले. नको इतक्या मोठ्यानं.

शिट्टी वाजवून गल्ली हलवणारा माणूस माझ्यासमोर उभा राहून सशावर आळ घेत होता. मला रडू फुटेल म्हणून मी "आले हं" म्हणत सरळ गॅलरीत गेले, बत्ताशाला तिथे सोडलं आणि टोपली वॉशिंग मशीनमागे सरकवली. मला त्यांचा राग नाही आला. माझाच आला. 'सापडलात,' असं माझ्या मनात एका क्षणासाठी आलं होतं, म्हणून आला.

विचारायचं कसं? 'दादा, तुम्हाला धरवत नाही का?' ही पाच शब्दांची गोष्ट माझ्या तोंडून निघेना. डॉक्टरांना दाखवलं असतं तर गोळीनं थांबण्यासारखंही असेल. पण दाखवायला न्यायचं तर आधी बोलायला हवं. आणि मी बोलले, तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने ते तासगावला गेले असते याची मला खात्री होती. जावयाच्या घरात हे झालं आणि जावयाला कळलं, यानंतर ते आमच्या फरशीवर पाऊल ठेवणार नव्हते. त्यापेक्षा त्यांनी आईचा ससा द्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे त्यांना ते किती जड गेलं असेल, विचार करा.

धैर्यशीलला सांगावं का? तो वाईट माणूस नाही. पण त्याच्या चेहऱ्यावर सगळं उमटतं. त्याला कळलं की दादांना कळलंच.

शनिवारी अर्धी शाळा. घरी येऊन मी देव हलवले. चौरंग, देव्हारा, घंटा, समई, सगळं उचलून समोरच्या भिंतीला नेलं आणि रिकाम्या कोपऱ्यात घमेलं ठेवलं. न धुतलेलं. आत खपली लागलेला कागद, वर घासाची पेंडी. बत्तासा आला, घास ओढत ओढत आत चढला, बसला आणि तोंड हलवता हलवता मागचं काम उरकलं. दहा मिनिटांत! दादा बघतच राहिले.

धैर्यशील आला तो दारातच थांबला. "सशासाठी देव हलवलेस?"

"देवांना कुठंही चालतं. ह्याला नाही चालत."

तो हसला. मला वाटलं, सुटलो. दादाही हसत होते, पण टोपी काढून हातात फिरवत होते. संध्याकाळी धैर्यशील पॅसेजमधून चालत गेला आणि थांबला. पाय उचलून तळवा बघितला.

"इथं पण केलंय की. इकडं पण करतो, तिकडं पण करतो?" तो दमलेल्या आवाजात म्हणाला. "राहू दे उजा. उद्या बुगडे येतोय."

"येऊ द्या," दादा चटकन म्हणाले. "मी सांगितलंच होतं."

रविवारी अकराच्या सुमाराला बुगडे आला. गडी आडदांड, पण हात मऊ. फळांचा जाळीचा क्रेट घेऊन आला होता. त्यात पेंढा पसरलेला. धैर्यशीलने त्याला खुर्ची दिली. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, पाण्याचा जग आणि पेले ट्रेमध्ये घेतले. माझ्या डोक्यात आदल्या रात्रीपासून वाक्यं तयार होत होती आणि एकही पुरं होत नव्हतं.

दादा बत्ताशाला छातीशी धरून हॉलमध्ये उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात. मुलीला सासरी पाठवताना सांगतात तसं एकेक सांगत होते.

"गाजर रोज देऊ नका, पोट बिघडतंय. कोथिंबिरीच्या काड्या आवडतात. कानाला धरून उचलायचं नाही. पायाखाली हात घालायचा, असा."

"व्हय, मला ठाऊक हाय आजोबा."

"आणि फटाक्याला भितो. दिवाळीत आत घ्या. आणि—"

ते थांबले. वाक्याच्या मधेच. मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "आणि काय, गुणाचा हाय हो! एवढी एक खोड सोडली तर फार गुणाचा हाय!"

तो आवाज मला ठाऊक होता. पहिलीच्या वर्गात तो मी बावीस वर्षं ऐकला आहे. पोर जागेवरून हलत नाही आणि भलतंच मोठ्यानं बोलायला लागतं. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. धोतराचा आतला काठ गडद होत चालला होता. धैर्यशील बुगड्याकडे बघत होता, बुगडे सशाकडे. अजून कुणी खाली पाहिलं नव्हतं.

वर्गात मी अशा वेळी एकच करते. पोराला काही विचारत नाही. जवळ जाते, धडपडते आणि पाण्याची बाटली सांडते. मग सगळंच ओलं होतं, आणि बाई वेंधळ्या ठरतात.

मी ट्रे घेऊन पुढे झाले, सतरंजीत पाय अडकवला आणि भरलेला जग दादांच्या कमरेखाली उपडा केला.

पेले फरशीवर नाचले. बुगड्याने पाय वर घेतले. बत्तासा दादांच्या हातून सुटून दिवाणाखाली पळाला.

"अगं! बघून चाल की!" धैर्यशील ओरडला.

"मेले मी! हात आहेत की काय माझे! दादा, सगळे भिजलात. चला, धोतर बदला आधी."

दादा हलले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. मी नजर चोरायला हवी होती, पण चोरवली नाही. त्यांना कळलं. मला कळलंय हे त्यांना कळलं. ते वळून भिंतीला धरत आत गेले आणि दार लोटलं. कडी लावली नाही.

बुगडे दिवाणाखाली वाकला. "धरू का सशाला?"

"नको," मी म्हणाले. "ससा द्यायचा नाही."

"म्हणजे?" धैर्यशील उभा राहिला. "काल ठरलंय. मामा पण म्हणाले. उजा, आठ दिवस झाले, सुधारला नाही तो."

"नको सुधारू दे."

"रोज पॅसेज पुसणार हायस का तू?"

"रोज पुसेन."

"आणि वास?"

"येऊ दे वास! माझ्या माणसाचं आहे, मी पुसेन, तुला काय करायचंय?"

सशाचं म्हणायचं होतं. माणसाचं म्हणून गेले.

धैर्यशीलने माझ्याकडे पाहिलं. मग लोटलेल्या दाराकडे. मग फरशीवरच्या पाण्याकडे, दादा उभे होते त्या जागेकडे. त्याच्या चेहऱ्यावर सगळं उमटतं म्हटलं ना, तसं एकेक उमटत गेलं. मोजे उमटले, घमेलं उमटलं, दादांचं ते ओणवं होऊन घासणं उमटलं. आता हा काय बोलेल, आणि दाराच्या फटीतून काय ऐकू जाईल?

तो वळला. मोरीत गेला, फडकं आणि बादली घेऊन आला, विजारीचे पाय वर सारले आणि फरशीवर बसला. आमच्याकडे जावयाला पाटावर बसवून त्याचे पाय धुतात. माझ्या लग्नात दादांनी याचे धुतले होते.

दार उघडलं. दादा कोरडं धोतर नेसून उंबऱ्यात आले आणि समोरचं बघून त्यांचा चेहरा पडला.

"जावईबापू! अहो, नको. तुम्ही नको. सोडा ते, मी... ते..."

धैर्यशीलने वर पाहिलं नाही. फडकं बादलीत पिळलं.

"पाणीच हाय मामा," तो म्हणाला. "बसा तुम्ही."

दादा खुर्चीत बसले. मी त्यांच्यापाशी गेले, पण हात ठेवायचा धीर झाला नाही. बत्तासा दिवाणाखालून बाहेर आला, ओल्या फरशीचा वास घेतला आणि उड्या मारत आपल्या कोपऱ्यातल्या घमेल्यात जाऊन बसला. बुगडे क्रेट उचलून दाराशी घुटमळत होता. आपलं नेमकं काय चुकलं, हे त्या बिचाऱ्याला समजत नव्हतं.

"उजे," दादा म्हणाले. आवाज अगदी बारीक. "ते पाणी नव्हतं गं."

"माहीत आहे दादा."

"ह्यांना?"

"त्यालाही."

त्यांनी मान खाली घातली. धैर्यशील पुसतच होता, आता कोरडी फरशीसुद्धा. मी दादांच्या टोपीकडे बघत राहिले. आता म्हणतील, माझी ट्रंक काढ. मी उत्तर जुळवायला लागले, आणि याही वेळी एक वाक्य धड होईना.

दादांनी डोकं वर केलं, नाक ओढलं आणि दाराकडे बघितलं.

"त्या माणसाला तसाच कुठं पाठवतीस?" ते म्हणाले. "चहा उतू गेला असेल तो, दुसरा ठेव. आणि आलं घाल. मलाही कपभर दे."